सिस्टमडी आणि जर्नल: सारखी लाईट जाणाऱ्या गावातल्या लिनक्सवाल्यांसाठी

कोकणात लिनक्सची मशीनं वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत. शाळेची कॉम्प्युटर लॅब, होमस्टेचं वायफाय आणि बुकिंग, आंब्याच्या पॅकिंग हाऊसमधे तापमान नोंदवणारा रास्पबेरी पाय (एका छोट्या बोर्डावरचा कॉम्प्युटर), दुकानातलं बिलिंग. यातली बरीच कुणीतरी दहा-बारा वर्षांपूर्वी बसवून दिलेली असतात आणि त्यावर जुनं सेंटओएस ६ किंवा उबंटू १४.०४ असतं, ज्यांचे अपडेट कधीच बंद झालेत. मग एक दिवस डिस्क जाते, आपण नवीन डेबियन टाकतो, आणि कळतं की सर्विस चालू करायची पद्धत वेगळी, लॉगच्या फाईली जागेवर नाहीत, बूटला काय चालू करायचं ते सांगणारी इनिटटॅब फाईल तर गायबच. कारण आता हे सगळं सिस्टमडी नावाचा प्रोग्रॅम सांभाळतो, बूटला सर्विस (मागे सतत चालणारे प्रोग्रॅम) चालू करणं त्याचं काम, आणि जर्नल म्हणजे त्याचा लॉग. तिथे अडकलेल्यांसाठी हा लेख आहे. माझं मत आधीच सांगतो, जिथे पावसाळ्यात दिवसातून चार वेळा लाईट जाते तिथे ही नवी पद्धत जुनीपेक्षा जास्त कामाची आहे, फक्त सुरवातीला तीन-चार गोष्टी सेट करून घ्याव्या लागतात ज्या कुणी सांगत नाही.

कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात, तुम्ही टाईप करताना इंग्रजी लहान अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा. "सीटीएल" म्हणजे सी, टी, एल ही तीन अक्षरं, मधे स्पेस नाही. सेटिंगच्या फाईलीत मात्र कॅपिटल अक्षरं जशीच्या तशी लागतात, त्यामुळे तिथे फाईलमधे आधीपासून असलेली ओळ बघूनच लिहा.

हाताशी काय हवं

- सुडोचा, म्हणजे ॲडमिनचे अधिकार देणाऱ्या कमांडचा, पासवर्ड (मशीन दुसऱ्याने बसवलं असेल तर आधी हा मिळवा, नाहीतर पुढचं काहीच होणार नाही)
- एकदा तरी मॉनिटर आणि कीबोर्ड लावता येईल अशी सोय, नुसत्या एसएसएचवर (नेटवर्कवरून लॉगिन) अवलंबून राहू नका
- त्याच डिस्ट्रोचा लाईव्ह पेन ड्राईव्ह
- जुन्या मशीनच्या /ईटीसी फोल्डरची कॉपी, त्यात जुन्या इनिट.डी स्क्रिप्ट (सर्विस चालू करणाऱ्या) आणि क्रॉनटॅब (ठरलेल्या वेळी करायच्या कामांची यादी) असतात
- वही. खरंच. लाईट किती वाजता गेली ते लिहून ठेवलंत तर लॉगशी ताडून बघता येतं

१. आधी बघा मशीनवर चालतंय काय

पीएस -पी १ -ओ कॉम

(कॉमच्या शेवटी दोन एम.) ही कमांड सांगते की पहिला प्रोसेस कोण आहे. उत्तर सिस्टमडी आलं तर हा लेख तुमच्यासाठी. इनिट आलं तर जुनी पद्धत किंवा दुसरं काहीतरी आहे.

थोडा इतिहास, कारण इंटरनेटवर शोधताना लेख कुठल्या काळातला आहे ते ओळखता आलं पाहिजे. सिस्टमडी २०१० मधे लेनार्ट पोटरिंग आणि के सीव्हर्स यांनी सुरू केलं, मे २०११ मधे फेडोरा १५ ने ते डिफॉल्ट म्हणून घेतलं, रेड हॅट एंटरप्राईज लिनक्सच्या ७ मधे २०१४ ला आलं, आणि डेबियन ८ व उबंटू १५.०४ मधे एप्रिल २०१५ ला. म्हणजे उबंटूसाठी २०१५ च्या आधीचा लेख सापडला आणि त्यात अपस्टार्टबद्दल (उबंटूची सिस्टमडीच्या आधीची पद्धत) लिहिलेलं असेल तर तो तिथेच बंद करा, त्यातल्या कमांड मारून काही फायदा नाही.

२. चालू करणं वेगळं, कायमचं चालू ठेवणं वेगळं

नवीन माणूस सगळ्यात जास्त इथे फसतो. सिस्टमसीटीएल स्टार्ट म्हटलं की सर्विस आत्ता चालू होते, पण मशीन रीस्टार्ट झाल्यावर ती येईलच असं नाही. त्यासाठी सिस्टमसीटीएल एनेबल. आणि नुसतं एनेबल केलंत तर उलटं होतं, पुढच्या बूटला येईल पण आत्ता काहीच हलणार नाही. दोन्ही एकदम पाहिजे असेल तर:

सुडो सिस्टमसीटीएल एनेबल --नाऊ एसएसएच

ज्या गावात लाईट जाते-येते तिथे हा फरक त्याच संध्याकाळी कळतो, सगळं नीट चालत होतं, लाईट गेली, आली, आणि सर्विस आलीच नाही.

डिसेबल म्हणजे बूटला आपोआप येऊ नको, पण दुसऱ्या कुठल्या सर्विसने बोलावलं तर ती येऊ शकते. अजिबातच नको असेल तर मास्क. रनलेव्हलच्या (मशीन कुठल्या अवस्थेत चालू करायचं त्याचे जुने आकडे) जागी आता टार्गेट आहेत, जुना ३ म्हणजे मल्टी-यूजर.टार्गेट, ५ म्हणजे ग्राफिकल.टार्गेट, १ म्हणजे रेस्क्यू.टार्गेट. एवढं पाठ असलं की पुरे.

३. स्टेटस नीट वाचा, घाई करू नका

काही बिघडलं की बरेच जण लगेच रीस्टार्ट मारतात. आधी हे बघा:

सिस्टमसीटीएल स्टेटस तापमान

(तापमान ही आपल्या उदाहरणातली सर्विस, पॅकिंग हाऊसमधला सेन्सर वाचणारी, ती कशी लिहायची ते पायरी ७ मधे.) वरचं टिंब हिरवं म्हणजे चालू, पांढरं म्हणजे बंद, लाल म्हणजे फेल. त्याखालच्या लोडेडच्या ओळीत फाईल कुठे आहे आणि एनेबल आहे का नाही ते कळतं, म्हणजे पायरी २ ची चूक इथेच दिसते. मग ॲक्टिव्हची ओळ, कधीपासून चालू आहे किंवा कधी मेली. सगळ्यात खाली लॉगच्या शेवटच्या दहा ओळी.

सर्विस मेली असेल तर मधे एका ओळीत स्टेटस= आणि पुढे एक आकडा असतो, तो आकडा सोडू नका. २०३ आणि एक्झेक दिसलं तर प्रोग्रॅम चालवताच आला नाही, म्हणजे रस्ता चुकलाय किंवा फाईलला चालवायची परवानगी नाही किंवा स्क्रिप्टची पहिली ओळ चुकीची आहे. २०० म्हणजे वर्किंग डिरेक्टरी सापडत नाही. २१७ म्हणजे ज्या यूजरच्या नावाने चालवायचं तो यूजरच मशीनवर नाही, नवीन मशीनवर जुनी फाईल कॉपी केली की हे हमखास येतं. नुसता १ असेल तर तुमचा प्रोग्रॅम स्वतःच एरर देऊन बंद पडलाय, तेव्हा सिस्टमडीला दोष न देता प्रोग्रॅमचा लॉग वाचा.

मशीनवर फेल झालेलं सगळं एकदम बघायचं तर सिस्टमसीटीएल --फेल्ड. लाईट आल्यावर पहिली कमांड हीच मारायची सवय लावा.

४. लॉग आता फाईलीत शोधायचा नाही, विचारायचा

/व्हार/लॉग/सिसलॉग उघडायला गेलात आणि फाईलच नाही, असं झालं तर घाबरू नका. डेबियन १२ पासून (जून २०२३) आरसिसलॉग (टेक्स्ट फाईलीत लॉग लिहिणारा प्रोग्रॅम) आपोआप इन्स्टॉल होत नाही, सगळा लॉग जर्नलडीकडे, म्हणजे सिस्टमडीच्या लॉग सांभाळणाऱ्या भागाकडे जातो. तो साध्या टेक्स्टमधे नसतो त्यामुळे कॅट किंवा ग्रेप थेट लावून काही हाती लागत नाही, जर्नलसीटीएल लागतं. जुन्या लोकांचा यावर राग आहे आणि तो मला समजतो, मशीन बूट होत नसताना टेक्स्ट फाईल कुठल्याही लाईव्ह पेन ड्राईव्हवरून वाचता यायची. जर्नलही तशी वाचता येते पण जर्नलसीटीएलला -डी (इथे डी कॅपिटल) देऊन फोल्डर दाखवावं लागतं. याच्या बदल्यात मिळतं ते असं:

- जर्नलसीटीएल -यू तापमान : फक्त त्या सर्विसचा लॉग
- जर्नलसीटीएल -बी : या बूटचा
- जर्नलसीटीएल -बी -१ : मागच्या बूटचा, म्हणजे लाईट जायच्या आधीचा
- जर्नलसीटीएल -पी ईआरआर -बी : या बूटमधल्या एरर आणि त्याहून गंभीर
- जर्नलसीटीएल -के : फक्त कर्नलचे मेसेज
- जर्नलसीटीएल -एफ : नवीन ओळी येतील तशा दाखवत राहा

हे सगळं एकत्र जोडता येतं. -यू तापमान -बी -१ म्हटलं की मागच्या बूटमधला फक्त त्या सर्विसचा लॉग. जुन्या पद्धतीत यासाठी फाईलभर तारखा शोधत बसायला लागायचं.

दोन बारीक गोष्टी. लांब ओळी स्क्रीनच्या कडेला कापल्या जातात, उजव्या बाणाने पुढे सरका, किंवा शेवटी --नो-पेजर लावा. आणि साध्या यूजरने कमांड मारली तर फक्त स्वतःचेच मेसेज दिसतात, लोकांना वाटतं लॉग रिकामा आहे. सुडो लावा नाहीतर त्या यूजरला एडीएम किंवा सिस्टमडी-जर्नल ग्रुपमधे घाला (नंतर लॉगआऊट करून परत लॉगिन, नाहीतर ग्रुप लागत नाही).

रास्पबेरी पाय असेल तर ही एक कमांड आवर्जून मारा:

जर्नलसीटीएल -के -जी व्होल्टेज

पायला साधारण ४.६३ व्होल्टपेक्षा कमी मिळत असेल तर कर्नल तशी तक्रार नोंदवतो. पाय आपोआप रीस्टार्ट होतो, एसडी कार्ड खराब होतं, अशा तक्रारी असतील तर सगळ्यात आधी ॲडॅप्टर आणि केबल बदलून बघा, मोबाईलचा चार्जर लावलेला असणं हे फार कॉमन आहे.

५. जर्नल टिकवून ठेवा, हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका

जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स

इथे मशीन कितीतरी वेळा बंद-चालू होऊनही एकच ओळ दिसत असेल तर तुमची जर्नल रॅममधे राहतेय, /रन/लॉग/जर्नल मधे, आणि लाईट गेली की पुसली जातेय. मग -बी -१ चा काही उपयोग नाही. डेबियन ११ पासून जर्नल डिस्कवर ठेवतात पण एसडी कार्ड झिजू नये म्हणून काही इमेजमधे मुद्दाम रॅममधे ठेवलेली असते. नक्की काय सेट आहे ते बघायला:

सिस्टमडी-ॲनलाईझ कॅट-कॉन्फिग सिस्टमडी/जर्नलडी.कॉन्फ

यात मूळ फाईल आणि तिच्यावर चढवलेल्या सगळ्या छोट्या फाईली एकाखाली एक दिसतात. मूळ फाईलला हात लावू नका, /ईटीसी/सिस्टमडी/जर्नलडी.कॉन्फ.डी असं फोल्डर करा आणि त्यात झेडझेड-आपलं.कॉन्फ नावाची फाईल टाका. सुरवातीला झेडझेड अशासाठी की या फाईली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि शेवटची जिंकते. आत हे:

[जर्नल]
स्टोरेज=पर्सिस्टंट
सिस्टममॅक्सयूज=२००एम
सिंकइंटरव्हलसेक=१एम

मग सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट सिस्टमडी-जर्नलडी, आणि त्यानंतर सुडो जर्नलसीटीएल --फ्लश. बूट झाल्यापासूनचं रॅममधलं सगळं डिस्कवर जातं.

आकड्यांबद्दल. काही सांगितलं नाही तर जर्नल डिस्कच्या १० टक्क्यांपर्यंत वाढते, जास्तीत जास्त ४ जीबी. छोट्या कार्डावर हे नको, म्हणून २०० एमबी. आणि तिसरी ओळ फार महत्त्वाची आहे: साधे मेसेज डिस्कवर पक्के करायचं काम जर्नलडी दर ५ मिनिटांनी करतो (अगदी गंभीर मेसेज मात्र लगेच), म्हणजे अचानक लाईट गेली तर शेवटच्या पाच मिनिटांतल्या ओळी उडू शकतात, आणि आपल्याला नेमक्या त्याच हव्या असतात. १ मिनिट ठेवलं तर कार्डावर थोडं जास्त लिखाण होतं पण मला तो सौदा पटतो. यात १एम म्हणजे लहान एम, एक मिनिट, तर २००एम मधला एम कॅपिटल, तो मेगाबाईटचा.

लाईट गेल्यानंतरच्या बूटला जर्नलमधे एक ओळ येते की फाईल खराब झालीये किंवा नीट बंद झाली नव्हती, तिचं नाव बदलून नवीन घेतोय. ही ओळ वाचून लोक फोन करतात. काही झालेलं नसतं, जुनी फाईल नावाच्या शेवटी लहरी रेघ लावून बाजूला ठेवलेली असते आणि जर्नलसीटीएल ती तरीही वाचतं. तपासायचंच असेल तर जर्नलसीटीएल --व्हेरिफाय. जागा मोकळी करायची तर सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-टाईम=३०डी. हाताने आरएम करून फाईली उडवू नका.

६. घड्याळाची भानगड

पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर बॅटरीचं घड्याळ नाही, पाय ५ वर आहे पण त्याची बॅटरी वेगळी घेऊन लावावी लागते. त्यामुळे लाईट आल्यावर मशीन शेवटच्या साठवलेल्या वेळेपासून सुरू होतं आणि नेट मिळालं की एकदम पुढे उडी मारतं. कोकणात लाईटबरोबर नेटही जातं आणि मागाहून येतं, मग लॉगमधे दुपारी ३ ला आलेली लाईट सकाळी ११ ची दिसते. मे २०२१ मधे तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा कितीतरी गावांत दिवसेंदिवस लाईट नव्हती, अशा वेळी हा फरक तासांचा नाही, दिवसांचा पडतो.

म्हणून अशा मशीनवर --सिन्स देऊन वेळेने शोधण्यापेक्षा -बी ने बूटप्रमाणे शोधा. आणि -ओ शॉर्ट-मोनोटोनिक लावलं तर तारखेऐवजी बूटपासून किती सेकंद झाले ते दिसतं, ते घड्याळाच्या उडीने बदलत नाही. तापमानाच्या नोंदीत वेळ बरोबरच पाहिजे असेल तर सरळ डीएस३२३१ चं घड्याळ मॉड्यूल लावा. सिस्टमडी-टाईम-वेट-सिंक ही सर्विस एनेबल करून नेटवरून वेळ मिळेपर्यंत आपली सर्विस थांबवून ठेवता येते, पण नेट आलंच नाही तर ती कधीच चालू होणार नाही, आपल्याकडे हा उपाय नको.

७. स्वतःची सर्विस लिहा

जुन्या आरसी.लोकल मधे (बूटच्या शेवटी चालणारी स्क्रिप्ट) ओळ टाकायची सवय सोडा. इनिट.डी च्या जुन्या स्क्रिप्टचा आधारही सिस्टमडीवाल्यांनी मोडीत काढायला घेतलाय, त्यामुळे आत्ताच बदललेलं बरं. /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम/तापमान.सर्विस :

[युनिट]
डिस्क्रिप्शन=पॅकिंग हाऊस तापमान
[सर्विस]
यूजर=पाय
एक्झेकस्टार्ट=/यूएसआर/बिन/पायथन३ -यू /ऑप्ट/तापमान/वाचन.पीवाय
रिस्टार्ट=ऑलवेज
रिस्टार्टसेक=१०
[इन्स्टॉल]
वॉन्टेडबाय=मल्टी-यूजर.टार्गेट

मग सुडो सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड आणि एनेबल --नाऊ. फाईल बदलली की प्रत्येक वेळी डीमन-रीलोड, नाहीतर जुनीच फाईल चालत राहते.

आता यातले खड्डे. पायथननंतरचा -यू विसरलात तर प्रिंट केलेल्या ओळी बफरमधे साठून राहतात आणि जर्नलमधे तासाभराने एकदम येतात, लोकांना वाटतं स्क्रिप्ट अडकली. एक्झेकस्टार्टमधे पाईप किंवा आऊटपुट फाईलीत वळवायचं चिन्ह चालत नाही, तिथे शेल नसतं, आणि वळवायची गरजही नाही कारण जे प्रिंट होतं ते आपोआप जर्नलमधे जातं. तुमच्या टर्मिनलमधले पाथ आणि एन्व्हायर्नमेंट सर्विसला मिळत नाहीत, म्हणून हाताने चालवलं की चालतं आणि सर्विस म्हणून चालत नाही. पूर्ण रस्ते लिहा.

रिस्टार्टसेक १० का, तर खाऱ्या हवेने सेन्सरचे जोड हिरवे पडतात, वाचन फेल जातं, स्क्रिप्ट मरते. काही लिहिलं नाही तर सिस्टमडी सेकंदाच्या दहाव्या भागात परत चालू करतो, १० सेकंदांत ५ वेळा मेली की हात वर करतो आणि लॉगमधे लिहितो की फार भराभर रीस्टार्ट होतेय. १० सेकंद थांबवलं की ती मर्यादा लागतच नाही. तरीही तिथे अडकलात तर सिस्टमसीटीएल रीसेट-फेल्ड तापमान, मग स्टार्ट.

सर्विसला नेट लागत असेल तर आफ्टर= आणि वॉन्ट्स= दोन्हीत नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट लिहा. नुसतं नेटवर्क.टार्गेट लिहिलं तर नेट आलेलं असेलच याची खात्री नाही.

८. दुसऱ्याची सर्विस बदलताना

पॅकेजबरोबर आलेली फाईल थेट बदलली तर पुढच्या अपडेटला ती पुसली जाते. सुडो सिस्टमसीटीएल एडिट नाव, एवढंच करा, त्यात फक्त बदलायच्या ओळी लिहायच्या. एक्झेकस्टार्ट बदलायचं असेल तर आधी रिकामी एक्झेकस्टार्ट= ओळ, मग खाली नवीन.

९. एफस्टॅबमधली बाहेरची डिस्क

यामुळे मशीन बूटच होत नाही म्हणून याचं वेगळं सांगतो. बॅकअपची यूएसबी डिस्क एफस्टॅबमधे (बूटला जोडायच्या डिस्कची यादी) लिहिली, कुणीतरी ती काढून नेली, लाईट गेली आणि आली. जुन्या पद्धतीत बऱ्याचदा एरर दाखवून मशीन पुढे जायचं. सिस्टमडी ९० सेकंद वाट बघतो, स्क्रीनवर स्टार्ट जॉब चालू आहे असं लिहून येतं, आणि मग इमर्जन्सी मोडमधे जाऊन रूटचा पासवर्ड मागतो. होमस्टेवर मालक एकटे असतील तर त्यांना काय करायचं कळत नाही, आणि तुम्ही नेमके मुंबईला.

काढता येईल अशा प्रत्येक डिस्कच्या ओळीत ऑप्शनमधे नोफेल,एक्स-सिस्टमडी.डिव्हाईस-टाईमआऊट=१०एस असं टाका. मग डिस्क काढून, मुद्दाम रीस्टार्ट करून, तुमच्या डोळ्यादेखत तपासा.

१०. क्रॉन चालतं, पण टायमर बघा

ठरलेल्या वेळी कामं करणारं जुनं क्रॉन बंद झालेलं नाही, टायमर हा त्याला सिस्टमडीचा पर्याय. पण रात्री २ चा बॅकअप आणि २ ला लाईट नव्हती, तर क्रॉन तो सोडून देतं. टायमरमधे ऑनकॅलेंडर= बरोबर पर्सिस्टंट=ट्रू लिहिलं तर चुकलेलं काम मशीन चालू झाल्यावर होतं. टायमर आणि सर्विस एकाच नावाच्या दोन फाईली लागतात, आणि एनेबल टायमरला करायचं, सर्विसला नाही. पुढचं कधी आहे ते सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स सांगतं.

११. जुनं हवंच असेल तर

टेक्स्ट लॉग पाहिजेत तर सुडो एपीटी इन्स्टॉल आरसिसलॉग, दोन्ही गुण्यागोविंदाने चालतात. फेलटूबॅन (चुकीचे लॉगिन करणाऱ्यांना अडवणारा प्रोग्रॅम) वापरत असाल आणि ते ऑथ.लॉग फाईल शोधत बसून चालू होत नसेल तर त्याच्या सेटिंगमधे बॅकएंड=सिस्टमडी करा. सिस्टमडीच नको असेल तर देवुआन, अल्पाईन, व्हॉइड हे डिस्ट्रो आहेत आणि चांगले आहेत. पण ज्या मशीनला तुमच्यामागे दुसरं कुणी बघणार आहे, शाळेतले सर किंवा दुकानातला मुलगा, तिथे डेबियन नाहीतर उबंटूच ठेवा, त्यांना शोधल्यावर मदत सापडली पाहिजे.

१२. मदत मागताना हे पाठवा

मोबाईलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो नको. सिस्टमसीटीएल --व्हर्जन, त्या सर्विसचं स्टेटस, आणि जर्नलसीटीएल -बी -१ -पी वॉर्निंग --नो-पेजर चं आऊटपुट एका फाईलीत घ्या. पाठवायच्या आधी फाईल एकदा वाचा, काही प्रोग्रॅम लॉगमधे पासवर्ड आणि पाहुण्यांचे मोबाईल नंबर सुद्धा छापतात, ते खोडा. आणि वहीतली लाईट गेल्याची वेळ सोबत लिहा.